बायकांपासून लपायचं राहिलं

बाजारात सुगडी दिसायला लागली की माझं तोंड वाकडं होतं. घरच्यांना वाटतं, थंडीनं. धाराशिवला जानेवारीत थंडी असते हे खरं, पण ती तोंड वाकडं करण्याइतकी कधीच नसते. बोरं, गाजरं, हरभऱ्याचे ढाळे, उसाची कांडी एकाच पोत्यावर मांडून बसलेल्या बाया, आणि त्यांच्यामधून वाट काढत निघालेल्या, दुपारी चारलाच नटलेल्या दुसऱ्या बाया. काठापदराची साडी, हातात वाणाची पिशवी, चेहऱ्यावर कचेरीत हजेरी लावायची असावी तशी घाई. संक्रांत ते रथसप्तमीचे हे दिवस. एरवी बाई उंबऱ्याबाहेर पडली की ‘कुठं?’ पासून ‘एवढा वेळ?’ पर्यंत सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावी लागतात. या दिवसांत एकच उत्तर पुरतं. हळदीकुंकवाला. सासरा पेपरातून डोकं वर काढत नाही, आणि नवरा स्वतः गाडीवरून सोडून येतो.

सगळ्या जगाला हा हंगाम गोड लागतो. मला कडू लागतो, आणि तो कडूपणा माझ्या हातचा आहे, त्यामुळं कुणाकडं तक्रारही करता येत नाही.

परवा पुण्याहून मेल आला. तंत्रज्ञानात काम करणाऱ्या क्विअर बायकांचा मेळावा आहे, लांबलांबून येणार आहेत, तुम्ही ‘छोट्या गावातलं आमचं नेटवर्क’ या विषयावर वीस मिनिटं बोला. खाली एक प्रेमळ ओळ होती. तुमच्या गटाचा एखादा जुना फोटो असेल तर पाठवा, चेहरे आम्ही पुसून घेऊ. चेहरे पुसायची तसदी घेऊ नका, बायांनो. ते काम मी केव्हाच करून टाकलंय.

क्विअर हा शब्द मी पुण्यातच शिकले. आमच्याकडं ‘तिची ती मैत्रीण’ म्हणतात आणि वाक्य तिथंच सोडून देतात. पहिल्यांदा अशा मेळाव्याला गेले तेव्हा गळ्यात नावाचा पट्टा अडकवला होता. काचेची इमारत, दात वाजतील असा एसी. एका मिनिटात स्वतःची ओळख करून द्या, असं म्हणाले. मुली पटापट उभ्या राहत होत्या. कंपनी कुठली, काम काय, आवडतं काय, आवडतं कोण, सगळं एका दमात. कोण आवडतं हे माइकवर सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. मला त्यांचा इतका हेवा वाटला की हातातली कॉफी तशीच गार झाली. जेवताना एकीनं मान तिरपी करून विचारलं, “तुमच्याकडं हे सगळं फार अवघड असेल ना?”

“आमच्याकडं नळाला पाणीसुद्धा अवघड आहे,” मी म्हणाले.

ती हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

माझा क्लास बसस्टँडच्या मागं होता, वरच्या मजल्यावर. सात कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू. टायपिंग, टॅली आणि सरकारी अर्जाला जोडावं लागतं त्या सर्टिफिकेटचा कोर्स. फावल्या वेळात मी मराठीतून छोटे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायची. प्रिंटर कसा जोडायचा, बंद पडलेल्या मोबाईलमध्ये सॉफ्टवेअर कसं टाकायचं, असले. बघणारे थोडे आणि नावं ठेवणारे जास्त. अशा एका व्हिडिओपायी मुमताज आली. शिकायला नाही, भांडायला. परंड्याहून एसटीचे हाडं खिळखिळी करणारे अडीच तास बसून.

“मॅडम, तुमची तिसरी पायरी चुकलीय,” ती दारातूनच म्हणाली. “तुमच्यामुळं गिऱ्हाइकाचा फोन मेला माझ्याकडून.”

“मग आता?”

“आता काय, केला जित्ता. पण ती पायरी काढा तुमी. लोक बघतेत.”

एवढंच सांगायला ती आली होती. फोन करून सांगता आलं असतं असं मी म्हणाले, तर म्हणाली, फोनवर तुमी मानलं नसतं. तिनं चपला काढल्या, कॉम्प्युटरपाशी बसली आणि माझी चूक मलाच करून दाखवली. तिच्या बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे बारीक चटके होते. परंड्यात तिच्या भावाचं मोबाईलचं दुकान. भाऊ काउंटरवर बसायचा, ही पडद्याच्या आत. मेलेले मोबाईल आत जायचे आणि जित्ते होऊन बाहेर यायचे. लोक भावाला म्हणायचे, तुझ्या हाताला गुण आहे.

“हात माजा, गुण त्याचा,” असं सांगून ती मोठ्यानं हसली. मला मात्र तिच्या भावाचा, त्याच्या गिऱ्हाइकांचा आणि त्या पडद्याचा राग आला. तिच्या वाटचा राग मी तेव्हापासूनच करायला लागले असणार.

आम्ही एकमेकींना कशा ओळखू आलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले होते. बस लागलेली, आणि ती चढेना. मी पण जा म्हणेना. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी आम्ही दोघी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी खांबासारख्या उभ्या होतो. त्यानंतर मी तिला ‘अगं’ म्हणायला लागले. ती मात्र मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाली.

बाकीच्या एकेक करून मिळाल्या. इंटरनेटवर आमच्यासारख्या बायकांचा एक मोठा ग्रुप होता, सगळा इंग्रजीतून चाललेला. तिथं एके दिवशी कुणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला आणि खाली लिहिलं, ढोकीजवळून. मला हसूच आलं. जगभरच्या त्या गर्दीत कुणी ढोकीचा पत्ता देतं का? ती प्रतिभा. एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर, घरात नवरा आणि एक लेक, दारावरून दिवसभर फॅक्टरीकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर. मग येडशीची एक इंजिनिअरिंगची पोरगी आली, तिच्या ओळखीनं आणखी तिघी. सगळ्या मिळून सात. पुण्यात सात जणी म्हणजे एक टेबलसुद्धा भरत नाही. आमच्या जिल्ह्यात सात जणी एका खोलीत बसल्या, तर मला आपण निवडून आल्यासारखं वाटायचं.

हळदीकुंकवाची कल्पना प्रतिभाची.

“मॅडम, बाकीच्या दिवसात मला घरातून सोडत न्हाईत,” ती म्हणाली. “संक्रांतीत कुणी इचारत न्हाय. तवाच ठिवा की.”

मग तीन हिवाळे आम्ही तेच केलं. क्लासला सुट्टी द्यायची आणि खाली जिन्यापाशी मी मोठ्या अक्षरात कागद चिकटवायची: आज हळदीकुंकू, फक्त महिलांसाठी. हा कागद कुलपापेक्षा पक्का. पोरं अर्ध्या जिन्यातून परत फिरायची, वीजबिलवालासुद्धा उद्या येतो म्हणायचा. वर सात जणी नटून आलेल्या, कारण घरातून नटूनच निघावं लागायचं. नऊवारीपासून ड्रेसपर्यंत सगळं. कीबोर्डवर हळदीची बोटं उमटायची. तिळाच्या वडीचा चुरा माऊसखाली अडकायचा. अत्तर, गुलाबपाणी आणि तापलेल्या सोल्डरचा वास एकत्र झाला की कसा लागतो हे फार थोड्यांना माहीत असेल. मुमताज एक जुना मोबाईल उघडून त्याची आतडी दाखवायची. मी वेबपेज करायला शिकवायची. प्रतिभा डोळ्यांवर चष्मा चढवून साहेब व्हायची आणि येडशीच्या पोरीची इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायची. पोरगी इंग्रजीत अडखळली की साहेब स्वतःच मराठीत उत्तर सांगायचे. त्या पोरीला खरोखर नोकरी लागली, बरं का. पुण्यातल्या कंपनीत, सॉफ्टवेअर तपासायची. तिच्या घरचे म्हणाले, रामलिंग पावला.

वाण म्हणून आम्ही पेनड्राइव्ह लुटायचो. कुणाच्या घरी रेंज नसायची, कुणाचा फोन घरात चार जणांच्या हातात असायचा, म्हणून वर्षभर पुरतील एवढे शिकायचे व्हिडिओ मी त्यात भरून द्यायची. प्रतिभानं तो कणगीत लपवायला सुरुवात केली. ज्वारी काढताना सासूच्या हाताला लागला, तर म्हणाली, उंदराचं औषध आहे, हात धुऊन टाका. सासूनं दोनदा धुतले.

नियम माझे. फोटो काढायचा नाही. आडनाव सांगायचं नाही. एकीनं दुसरीचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवायचा नाही. जे काय बोलायचं ते आम्हा सात जणींच्या ग्रुपवर, जिथं नुसती नावं दिसायची, नंबर नाही, आणि तो ग्रुप माझ्या हातात. एखादीचा फोन घरच्यांनी बघितला तर बाकीच्या सहा जणी वाचल्या पाहिजेत, हा माझा हिशेब. मला त्याचा फार अभिमान होता. सगळा भार एका ठिकाणी ठेवला की तेवढं एक ठिकाण बसतं आणि सगळंच बसतं, हे मी क्लासमध्ये पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. स्वतःवर मात्र मी तो धडा कधी लावला नाही, कारण ते एक ठिकाण मी होते, आणि मी बसेन असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात मुमताजनं आणि मी ठरवलं की जिन्याखालची मोकळी जागा घ्यायची. दोन टेबलं मावत होती, आम्ही पावलं टाकून मोजली होती. एका टेबलावर ती मोबाईल दुरुस्त करणार, एकावर मी. वर क्लास चालूच राहील. पडदा लावायचा नाही, हे तिचं म्हणणं.

“रस्त्याकडं तोंड करून बसणार म्या,” ती म्हणाली. “बोर्डावर माजं नाव. तुमचं खाली बारीक.”

“माझं बारीक का गं?”

“तुमची तिसरी पायरी चुकती म्हणून.”

धाराशिवात राहायची सोय तिची तिनं बघून ठेवली होती, एका लांबच्या मावशीकडं. मीही घरी सांगणार होते, की दुकान आहे, भागीदार आहे. तेवढंच. कोण आहे हे कुणी विचारलं नसतं. दोन बायका दिवसभर शेजारीशेजारी काम करतात, एका डब्यात जेवतात, यात बोट ठेवण्यासारखं काय आहे? मला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं, आणि ते मिळायला पंधरा दिवस राहिले होते.

त्या दिवशी उखाणे चालले होते. हळदीकुंकू म्हटल्यावर उखाणे आलेच, आणि आम्ही ते आपसांत घ्यायचो. प्रतिभानं आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन वर जीभ काढून दाखवली. मग सगळ्या माझ्या मागं लागल्या. मी उभी राहिले. अंगावर आईची जांभळी इरकल होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या साडीत मी बरी दिसत होते. मी म्हणाले,

“संक्रांतीच्या सणाला तिळाची वडी,
मुमताजनं शिकवली मला मोबाईलची बाराखडी.”

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मुमताजनं ओढणी तोंडावर घेतली. टाळ्या थांबल्या तरी दाराकडून एक जोडी वाजतच राहिली. बघते तर माझी वहिनी.

वहिनी आणि शेजारच्या तिघी. बाजारातून जाता जाता खालचा कागद त्यांनी वाचला आणि वर आल्या. आल्या यात नवल काय? संक्रांतीत हळदीकुंकवाचं दार उघडं असतं. बोलावणं असो नसो, दारात आलेल्या सवाष्णीला माघारी लावत नाहीत. हे मला पाळण्यात होते तेव्हापासून माहीत. वीजबिलवाल्यापासून, पोरांपासून, नवऱ्यांपासून, भावांपासून लपायची सगळी तयारी आम्ही केली होती. बायकांपासून लपायचं मात्र राहिलं. सात जणींमध्ये एकीलाही ते सुचलं नव्हतं.

“घरात सांगितलं न्हाय व्हय, ताई?” वहिनी चपला काढत म्हणाल्या. “नणंदेचं हळदीकुंकू, आन् मला कागदावर वाचून यावं लागलं.”

मला वाटलं, जमीन फाटावी. वहिनी मात्र सतरंजीवर बसल्या आणि घरच्यासारख्या कामाला लागल्या. करंडा हातात घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत गेल्या. मुमताजच्या हातावर अत्तर लावलं, तिच्या ओंजळीत तिळगूळ ठेवला. आणि प्रत्येकीपाशी थांबून तोच प्रश्न, जो आमच्याकडं बाई भेटली की पहिल्यांदा विचारतात. “गाव कुठलं? कुणाच्या तुमी?” प्रतिभाच्या गावात वहिनींची मावशी दिलेली निघाली. येडशीच्या पोरीचा चुलता वहिनींच्या भावाबरोबर नोकरीला. “परंड्याच्या व्हय? किल्ल्याकडच्या रस्त्याला मोबाईलचं दुकान, ते तुमच्या भावाचं?” आडनावं, गावं, सासरं, माहेरं. तीन वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते वहिनींनी तिळगूळ वाटता वाटता वर काढलं. पुण्याच्या लोकांना नेटवर्किंग शिकायचं असेल तर त्यांनी वहिनींना बोलवावं.

वहिनींच्या फोनची काच तडकली होती. मुमताजनं तो हातात घेतला, दिव्यापाशी धरून बघितला. “डिस्प्ले गेलाय. बदलून देते.” आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी भाकरी थापत होत्या, दादा पेपर वाचत होता, आई माळा ओवत होती. पण चोराच्या मनात चांदणं. वहिनींनी पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला तरी मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडं बघायची. त्या फोनवर बोलताना आवाज खाली करायच्या, आणि मला वाटायचं, मावशीला लावलाय, ढोकीला पोचलं, आता परंडा. दारं कशी आपटतील, काय शब्द येतील, आई कशी बसेल, हे सगळं मी मनात इतक्यांदा करून बघितलं की ते होऊन गेल्यासारखंच वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुपमधून सगळ्यांना काढलं आणि ग्रुप पुसून टाकला. कुणाला कळवलं नाही. आपण त्यांना वाचवतोय, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. एकीचाही नंबर माझ्याकडं नव्हता. नियम माझेच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासमध्ये होते, तर दादा आला. तो एरवी कधी यायचा नाही. आला, इन्व्हर्टरपाशी गेला आणि खाली बसला. माझी खात्रीच झाली की आता विषय निघणार. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुमताज. हातात कापडी पिशवी, अडीच तासांची धूळ अंगावर. ग्रुप बंद का पडला ते बघायला आली होती. फोनवर मी मानलं नसतं हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दादानं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “कोण पाहिजे तुम्हाला? ॲडमिशन बंद झाल्यात.”

ती माझ्याकडं बघत राहिली. दादाकडं बघितलं. तिला कळलं. कळलं म्हणून तिनं मला अडचणीत टाकलं नाही, हे मी तिचं देणं लागते.

“बरं मॅडम,” ती म्हणाली. “चुकून आले.”

आणि जिना उतरून गेली. मी तिच्या मागं गेले नाही. दादा निघून गेल्यावरही गेले नाही. परंड्याची बस चारला होती, बसस्टँड माझ्या खिडकीखाली होता, आणि मी खिडकीसुद्धा उघडली नाही. यात कुणाचा दोष नाही. जुलमी समाज, मागास जिल्हा, रूढी, यातलं काहीही त्या क्षणी माझ्या तोंडातून बोललं नाही. मीच बोलले.

जिन्याखाली आता झेरॉक्सचं दुकान आहे. त्या वर्षी पावसाळ्यात धीर करून मी परंड्याला गेले होते. भावानं दुकान बदललं होतं, मोबाईलऐवजी चपला विकत होता. ती कुठं आहे हे विचारायला तोंड उघडलं आणि सहा नंबरची चप्पल घेऊन आले. प्रतिभाच्या गावावरून दोनदा गेले, दोन्ही वेळा ग्रामपंचायतीसमोर गाडी थांबवायचा धीर झाला नाही. मग मीही क्लास बंद केला आणि घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायला लागले. हे कामही त्या मेळाव्यातल्या ओळखीनंच मिळालं. तिथं मी आमच्या हळदीकुंकवाची गोष्ट सांगितली होती. कागद, पेनड्राइव्ह, कणगी, उंदराचं औषध. लोक हसले, एक-दोघींचे डोळे भरले. त्या गोष्टीवर मी आजवर तीन ठिकाणी टाळ्या घेतल्यात. दर वेळी ती येडशीच्या पोरीला नोकरी लागते तिथं संपवते. कुणीतरी उठून विचारतं, आता तो गट कसा आहे? मी म्हणते, चालू आहे. मला स्वतःची शिसारी येते, पण माझा आवाजही आता जरासुद्धा हलत नाही.

या वर्षी मात्र पुण्याला नाही म्हणून कळवून टाकलं. कारण काही दिलं नाही. मेल पाठवला आणि स्वयंपाकघरात गेले, तर वहिनी खाली बसून वाणाच्या पिशव्या भरत होत्या. मी समोर बसले आणि पिशव्या धरायला लागले. त्यांचा फोन मधोमध पडलेला, त्यावर संक्रांतीच्या शुभेच्छांचे मेसेज टणाटण येत होते. एक फोटो आला. दुकानाचा. रस्त्याकडं तोंड केलेलं काउंटर, मागं मोबाईलची कव्हरं टांगलेली. फोटोवर तिळगूळ घ्या, गोड बोला. वर नाव होतं, ‘मुमताज परंडा डिस्प्ले’.

माझ्या हातातली पिशवी सांडली. तीळ सगळीकडं.

“ही... कुठं असती?” मी विचारलं.

“बार्शीला. दुकान हाय तिचं. ह्यो डिस्प्ले तिनंच बदलला न्हवं, त्येला बी आता पाच वर्सं झाली.” वहिनी तीळ गोळा करायला लागल्या. “दर संक्रांतीला मेसेज टाकती. ती ढोकीची प्रतिभा बी असती तिच्याकडं येऊन-जाऊन. त्या सगळ्याजणी जमत्यात म्हणं तिथं. मला बी बोलावलं हुतं एकदा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तो फोन पाच वर्षं माझ्या ताटाशेजारी पडत होता. आणि त्या जमल्या होत्या. माझे नियम मोडून, एकमेकींचे नंबर घेऊन, माझ्यावाचून जमल्या होत्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला, हे खरं तेच लिहिते.

“वहिनी, तुम्ही तेव्हा घरात काही बोलला नाही?”

“काय बोलायचं?” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. “उखाणा म्या दारातच ऐकला हुता. इतकी वर्सं ह्या घरात हाय म्या, मला कळत न्हाय व्हय? आन् तुमच्या दादाला कळलं असतं तर काय झालं असतं, ते बी मला ठाव हाय. म्हणून तर गप बसले.”

“मग दादा क्लासवर का आला होता?”

“म्याच लावून दिलं हुतं. बॅटरीत पाणी घालायला. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतेत, असं तुमीच म्हणत हुता न्हवं?”

मी तीळ वेचत राहिले. फरशीच्या फटीत गेलेले निघत नव्हते. मग विचारलं, “माझं काही विचारती का ती?”

वहिनींनी पिशवीला गाठ मारली.

“न्हाय. एकदाच इचारलं हुतं, नंतर तुमी घरी नसताना डिस्प्ले बदलून द्यायला आली तवा. मॅडमचं लग्न ठरलं का, म्हणून. म्या म्हणलं, न्हाय बाई, कुटलं लग्न, घरात तसा काय इषयच न्हाय. तर म्हणली, मग त्येंनी कुणाला वाचवलं?” वहिनींनी पुढची पिशवी ओढली. “मला काय सांगता आलं न्हाय, ताई. तवापासनं मनात हाय, तुमाला इचारावं. कुणाला वाचवलं वो?”